उजवीकडून मांडलेली गणितं

ज्वारीच्या कणसात दूध भरायला लागलं, की माझं बोट आपोआप मातीकडे जातं. आता माती कुठली, परभणीच्या या घरात जिकडे तिकडे फरशी. तरी पौषातल्या दुपारी गच्चीवर उन्हाला बसलं, की बोट फरशीवर काहीतरी गिरवत राहतं. नात विचारते, "आजी, काय लिहितेस?" मी म्हणते, "काही नाही, पाखरं हाकतेय." तिला वाटतं, आजीचं आता वय झालं. वय झालं हे खरंच आहे. पण मी खोटंही बोलत नसते.

नात सातवीत आहे आणि तिला गणिताची शिकवणी लावलेली आहे. ती माझ्याकडे वही घेऊन येत नाही, मीही बोलावत नाही. घरातले सगळे हुरडा खायला कुठल्या तरी शेतावर जातात, तिथे झोपाळे असतात, फोटो काढायला बैलगाडी उभी असते. मला बोलावतात. मी जात नाही. हुरड्याचा वास आला की लोकांना गूळ आणि शेंगदाण्याची चटणी आठवते, मला बीजगणित आठवतं. हसायचं तर हसा.

निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि हैदराबाद मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो त्याला दोन-तीन महिने. माझ्या सासरी, पेडगावला, त्याचं विशेष काही नव्हतं. ज्वारीला कुठलंही राज्य चालतं. मी एकवीस वर्षांची होते, मांडीवर वर्षाचा मुलगा, आणि सासरी येऊन सहा वर्षं झालेली. घरात सासरे, म्हणजे मामंजी, आमचे हे, आणि माझी नणंद वच्छला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात बाई हवी म्हणूनच माझं लग्न घाईत झालं. मी आले तेव्हा वच्छी सात वर्षांची होती, आणि तिच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून माझा संसार सुरू झाला.

मामंजींसमोर मी बोलत नसे. त्या काळी कुणाचीच सून बोलत नसे, त्यात नवल नाही. पण आमच्या घरी दुसरी बाई नव्हती, म्हणून सगळं बोलणं वच्छीमार्फत चालायचं. मी दाराआड उभी राहून म्हणायची, "वच्छे, मामंजीला इचार, भाकरी वाढू का." मामंजी तीन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू जाई. तरी वच्छी त्यांच्याकडे तोंड करून म्हणे, "आबा, वैनी म्हणायलीय भाकरी वाढू का." मग आबा म्हणत, "वाढ म्हणावं." मग वच्छी माझ्याकडे वळे, "वाढ म्हणायलेत." सहा वर्षं आमचा असा कारभार चालला होता. पोरगी कधी कंटाळली नाही. कधी कधी मधल्यामध्ये स्वतःसाठी गुळाचा खडा मागून घ्यायची, "आबा म्हणायलेत वच्छीला गूळ दे."

त्या वर्षी ती सातवीत होती आणि सहामाहीत बीजगणितात तिला भोपळा मिळाला. बाकी विषयांत पोरगी वर्गात पुढे. गुरुजींनी मामंजींना पारावर गाठून सांगितलं होतं, की ही सातवी पास झाली तर तिला परभणीला मुलींच्या शाळेत घाला, राहायची सोय होईल. तिकडे ताडकळसच्या एका घरून तिला मागणीही आली होती. घर बरं, मुलगा कष्टाळू. मामंजी तोलून बोलणारे. ते म्हणाले, "पास झाली तर परभणी. नापास झाली तर ताडकळस." वच्छी तेरा वर्षांची होती. तिला परभणीही माहीत नव्हतं आणि ताडकळसही, पण कुठे जायचं नाही ते तिला पक्कं माहीत होतं.

एका संध्याकाळी ती चुलीपाशी पुस्तक पुढ्यात घेऊन मुसमुसत बसली होती. मी भाकरी थापता थापता पुस्तकात डोकावले. मराठी मला पोथी वाचण्यापुरतं येत होतं. वाक्य वाचायला वेळ लागला, पण मधली मांडणी पाहिली आणि मी पिठाचा हात तसाच धरून म्हणाले, "आगं, ह्ये तर ला हाय."

माझे वडील परभणीला कचेरीत कारकून होते, म्हणून मला मुलींच्या शाळेत घातलं होतं. शाळा उर्दू. आमच्या बाई, म्हणजे उस्तानीबी, बीजगणिताला जबरो-मुकाबला म्हणत. जी रक्कम माहीत नाही तिला म्हणायचं ला, दुसरी असली तर तिला मा. लिपी उजवीकडून, म्हणून गणितही उस्तानीबी उजवीकडूनच मांडत आणि आम्हीही. मला ते फार आवडायचं. एवढं आवडलेलं मला पुढे आयुष्यात काही मिळालं नाही, हे आता या वयात सांगायला हरकत नाही. मग रझाकारांची धामधूम झाली, शाळा बंद पडली. पुन्हा उघडली तेव्हा ती मराठी झाली होती, उस्तानीबी कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वडील म्हणाले, आता पुरे. माझी सातवीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

वच्छीचं अडलं होतं ते अगदी मुळात. ज्याचा पत्ता नाही त्याला घेऊन गणित कसं करायचं, हेच तिच्या गळी उतरत नव्हतं. "म्हाईतच न्हाई तर लिवायचं कशाला?" ती म्हणाली. तिचं काही चूक नव्हतं.

मी विचारलं, "मी तुज्या दादाला काय म्हणते?"

"कायबी न्हाई. त्ये म्हणतीस."

"नाव घेते का कधी?"

"न्हाई. कशी घेशील?"

"मंग मी त्ये म्हणलं की तुला कोण कळतं?"

"दादा."

"अन् शेजारची पारू त्ये म्हणती तवा?"

"तिचा नवरा."

"का बरं? शबुद तर येकच हाय."

वच्छी खो खो हसत सुटली. "ज्या त्या घरात ज्याचा त्यो," ती म्हणाली.

"तसाच ह्यो क्ष. ज्या त्या गणितात ज्याचा त्यो. नाव घ्यायचं न्हाई, आजूबाजूच्या खुणा बघून हुडकायचा."

त्यानंतर गणित सुटलं की ती ओरडायची, "वैनी, त्ये घावले." आमच्या ह्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते दचकून घराबाहेर आले होते.

राखणीचे दिवस होते ते. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं पांढरट हिरवी, आणि आभाळातून भोरड्यांचे थवे असे उतरायचे की तासाभरात पट्टा रिकामा. शाळा सुटली की वच्छी शेतात येऊन मचाणावर चढायची, हातात गोफण. मी खाली बांधावर, बाळाची झोळी लिंबाच्या फांदीला. करडईची भाजी खुडायची, गवत कापायचं, आणि मधूनमधून बांधावरचा फुफाटा तळहाताने सारखा करून त्यावर काडीने गणित मांडायचं. वच्छी वरून पुस्तक वाचायची आणि मी खालून उत्तर द्यायची, आणि दोन्हीच्या मध्ये तिचं "हाऽ हुर्रऽ" चालायचं. "क्षला तिनानं गुणलं, हाऽ हुर्रऽ, त्यात चार मिळवले, वैनी तिकडं बग तुज्या बाजूला उतरलेत." बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला आणि त्याने विचारलं, पाखरांवर मंतर टाकायलात का. वच्छी वरून म्हणाली, "व्हय, तुमच्या शेतात धाडायलोत." दुसऱ्या दिवशी तो खरंच भांडायला आला.

थंडीत काळ्या मातीला एक वास असतो. पहाटेचं दव तिच्या भेगांत मुरतं आणि दुपारी ऊन चढलं की तो वर येतो. त्यात आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर, करडईच्या काट्यांनी ओरखडलेल्या मनगटांची आग, आणि हुरड्याच्या कोंड्याने चिकट झालेली पुस्तकाची पानं. मी वच्छीकडून क्ष काढायला शिकले. फार अवघड अक्षर. माझा क्ष गाठोड्यासारखा व्हायचा, वच्छी मचाणावरून वाकून बघायची आणि म्हणायची, "वैनी, त्येंच्या धोतराचा सोगा सुटलाय." मी काडी फेकून मारायची. पुढे जे काही थोडंफार मराठी लिहायला शिकले, ते त्या बांधावर, तिच्या पुस्तकातून.

एक दिवस मी तिला सांगत होते, की बरोबरच्या चिन्हापलीकडे रक्कम नेली की तिचं चिन्ह बदलतं. अधिक असली तर वजा होते, वजा असली तर अधिक. ती ऐकत बसली होती. गोफण मांडीवर, पाय मचाणाखाली लोंबकळत. मग म्हणाली, "म्हंजी मला ताडकळसला दिलं की माजं बी बदलंल?" मी म्हणाले, "तू आदी गणित कर." तेवढ्यात थवा उतरला आणि ती उठून ओरडायला लागली, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

माघात गुरुजींनी चाचणी घेतली. मला खात्री होती. महिनाभर माझ्यासमोर तिने एक गणित चुकवलं नव्हतं. वच्छी घरी आली ती थेट गोठ्यात जाऊन बसली. दहापैकी सहा गणितं चुकली होती. मामंजींना पारावरच कळलं होतं. दारालगतच्या ढाळजेत टेकता टेकता ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "ताडकळसला सांगावा धाडतो. आठ दिसानं पाव्हणे येतील."

मी गोठ्यात गेले. वच्छीच्या हातातून तो कागद सोडवून घेतला आणि पाहिलं, तर मला सगळी मांडणी बरोबर दिसत होती. गणित असं होतं: झाडावर बारा राघू होते, काही उडाले, सात उरले, तर किती उडाले? वच्छीने मांडलं होतं, ७ = क्ष − १२. बारातून क्ष गेले, सात उरले. यात काय चुकलं? मला गुरुजींचाच राग आला. पण खाली उत्तर एकोणीस होतं, आणि गुरुजींनी शेजारी लाल शाईत लिहिलं होतं, बारातून एकोणीस कसे उडतील?

"वाच बरं," मी म्हणाले.

"सात बरोबर क्ष वजा बारा," ती नाक ओढत म्हणाली.

मी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा तसंच वाचलं, डावीकडून. मी त्याच ओळीवर बोट ठेवून उजवीकडून वाचलं, तर बारा वजा क्ष बरोबर सात.

अक्षर बदललं होतं, पण माझ्या हाताची चाल बदलली नव्हती. मातीत मी क्ष काढत होते आणि मांडत होते उजवीकडून, उस्तानीबींसारखी. पोरगी ते बघून तसंच मांडायला शिकली. बांधावर ती मांडायची माझ्यासारखं आणि वाचायचीही माझ्यासारखं, म्हणून उत्तर बरोबर यायचं. शाळेत मी नव्हते. तिथे तिने मांडलं माझ्या रीतीने आणि सोडवलं फळ्यावरच्या रीतीने. बेरजेचं काही बिघडलं नाही, बेरजेला कुठूनही गेलं तरी चालतं. जिथे जिथे वजाबाकी होती तिथे सगळं उलटं झालं. चुकलेली सहाच्या सहा गणितं वजाबाकीची होती. तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं. ती माझ्या डोळ्यांदेखत माझी चूक पाठ करत होती आणि मी वर तिची पाठ थोपटत होते.

हे मामंजींना सांगायला हवं होतं. पण सांगणार कोण? आमचे हे बाजाराला गेले होते, आणि एरवी माझं बोलणं पोचवणारी वच्छी गोठ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिच्याच तोंडून तिची वकिली कशी करवायची? मी दाराआड गेले. पदर पुढे ओढला, उंबरा ओलांडला आणि ढाळजेत जाऊन उभी राहिले. मामंजींनी वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. त्यांना वाटलं, घराला आग लागली असेल.

"चूक पोरीची न्हाई," मी म्हणाले. "माजी हाय. मी उलटं शिकवलं."

माझा आवाज त्यांनी असा समोरून पहिल्यांदाच ऐकला. ते सुपारी कातरत राहिले. मग जमिनीकडे बघतच म्हणाले, "तुला येतंय ह्ये समदं?"

"येतं."

"किती शिकलीस?"

"सातवी. उर्दूत. परीक्षा ऱ्हायली."

"आमाला कुणी सांगितलं न्हाई."

कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "उलटं शिकवलंस. मंग सुलटं करायला किती दिस लागतील?"

"परीक्षेपस्तोर व्हईल."

"बरं," ते म्हणाले. "ताडकळसवाल्यांना चैत्रानंतर या म्हणतो." एवढं बोलून ते उठून बैलांकडे गेले. मी तिथेच खांबाला धरून उभी होते. मला फार आनंद झाला होता.

पुढचे दिवस मी शिकत होते आणि वच्छी शिकवत होती. बांधावर ती डाव्या बाजूला एक दगड ठेवायची आणि म्हणायची, "इथून." माझा हात दगड सोडून पलीकडे धावायचा. डावीकडून मांडायला लागले तशी माझी चपळाई गेली. जे गणित मी मनातल्या मनात सोडवायची त्याला आता थांबावं लागायचं, आणि कधी कधी माझंच चुकायचं. वच्छी दटावायची. मी ऐकून घ्यायची. ज्वारी पिवळी पडत चालली होती, भोरड्या कमी झाल्या होत्या, काढणीची माणसं ठरली होती. मला वाटायचं, काढणी लांबावी. मचाण मोडलं की हे संपणार, हे मला कळत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती.

वच्छी पास झाली. बीजगणितात शाळेत पहिली. ती पुढे खूप शिकली, लातूरकडे शाळेत गणित शिकवत राहिली, तिच्या हाताखालून किती पोरी गेल्या असतील. दिवाळीला यायची तेव्हा आमच्या गप्पा व्हायच्या, पण तेव्हा मध्ये माणसं असायची, तिचं घर, माझं घर, मुलांची आजारपणं. बांधावर बसल्यासारखं पुन्हा बसणं झालं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. मला कळवायला फोन आला तेव्हा मी कुठे बसले होते आणि काय करत होते ते मला आठवत नाही. पण त्या हिवाळ्यात तिच्या अंगावर कुठलं परकर-पोलकं होतं आणि त्याला कोपरावर कुठे ठिगळ होतं, ते मी आजही सांगू शकते.

ती पास झाली त्या वर्षी ज्येष्ठात तिला परभणीला पोचवायचं ठरलं. आमचे हे तिच्याबरोबर आगगाडीने गेले. स्टेशनापर्यंत आम्ही बैलगाडीने सोडायला गेलो, मामंजी आणि मी, मांडीवर बाळ. वच्छीच्या हातात पत्र्याची पेटी होती. गाडी आली तेव्हा तिला एकदम माझ्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आबा होते म्हणून तिने नुसता माझा पदर धरला आणि सोडला. म्हणाली, "वैनी, आबाला भाकरी वाढताना आता कुणाला सांगशील?" मी म्हणाले, "मीच इचारीन." ती हसली. मग गाडी गेली.

जिच्या पास होण्यासाठी हिवाळाभर जीव टांगणीला लावला होता, ती पास झाली म्हणजे जाणार, हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू. ठाऊक होतंच. तरी रिकाम्या फलाटावर उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं, नापास झाली असती तरी ताडकळसला गेलीच असती. दोन्हीकडून उत्तर एकच होतं. त्या दिवशी मी पोटभर रडले नाही, कारण मामंजी होते.

परतताना ते पुढे कासरा धरून बसले होते, मी मागे त्यांच्याकडे पाठ करून. रानं नांगरून तयार होती, कुठे माणूस नव्हतं. अर्धी वाट झाली तेव्हा ते मागे न वळता म्हणाले, "सूनबाई." त्यांनी मला हाक मारायची ती पहिलीच वेळ.

"जी," मी म्हणाले.

"तुजी बी परीक्षा ऱ्हायली म्हणलीस त्या दिशी."

"व्हय."

"तुला बसायचंय का? गुरुजीला इचारतो मी."

बाळ झोपलं होतं. पुढे पेरणी होती, घरात दुसरी बाई नव्हती, आणि आता वच्छीही नव्हती. पाच-दहा पावलं बैल चालले असतील. वच्छीसाठी मी एका दमात उंबरा ओलांडून बोलले होते. आता फक्त व्हय म्हणायचं होतं. मी म्हणाले, "न्हाई."

"बरं," ते म्हणाले आणि बैलांना हाकललं.

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी विचारावं म्हणून त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुठेही जायचं असलं की त्यांच्याच गाडीत मागे बसत होते.